घरच्या चित्रफितींसाठी स्वस्तातला मीडिया सर्व्हर: कोणते यंत्र घ्यावे?

कोपरखैरणेकर

नमस्कार. घरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत साठलेल्या चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणे एका ठिकाणी आणून ती दोन्ही टीव्हींवर, आईवडिलांच्या टॅबवर आणि जमल्यास ठाण्यात मानपाड्याला राहणाऱ्या बहिणीच्या घरीही पाहता यावीत, यासाठी एक छोटा मीडिया सर्व्हर उभा करण्याचा विचार आहे. संग्रहात आमच्या लग्नाच्या व्हीसीडी, मुंज आणि वास्तुशांत यांच्या डीव्हीडी, वडिलांनी कॅसेटवरून संगणकावर उतरवलेली भजने आणि मोबाइलवरचे चित्रण एवढे आहे. यातले मोबाइलवरचे चित्रण आता बाकी सर्वांपेक्षा अधिक जागा खाते. डिस्कसह एकूण खर्च २५ हजार रुपयांच्या आत बसावा, अशी अपेक्षा आहे.

घरात २०१३ साली असेंबल करून घेतलेला एक डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. त्यावर जेलीफिन हे मोफत मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर बसवून पाहिले. व्हीसीडी आणि भजने विनातक्रार चालतात. मात्र मोबाइलवरील ४के चित्रण आतल्या खोलीतील जुन्या फुल एचडी टीव्हीवर लावले, की चित्र सारखे अडकते आणि संगणकाचा पंखा असा घोंगावू लागतो की स्वयंपाकघरातून आई ‘काय बिघडलं’ म्हणून विचारते. हॉलमधील २०१९ सालच्या ४के टीव्हीवर मात्र तीच फाइल सुरळीत चालते. असे का व्हावे, हे मला उमगलेले नाही.

चौकशी केली तेव्हा परस्परविरोधी सल्ले मिळाले. एकाने रास्पबेरी पाय (एकाच छोट्या पट्टीवरचा संगणक) घ्या म्हणून सांगितले, दुसऱ्याने दोन डिस्कची तयार नॅस पेटी (नेटवर्कला जोडून फाइली साठवण्याची पेटी) सुचवली, तिसऱ्याच्या मते जुन्याच डेस्कटॉपमध्ये स्वस्तातले ग्राफिक्स कार्ड घालावे, तर ऑफिसात संगणक सांभाळणारे एक सहकारी म्हणतात की कंपन्यांतून निघालेले छोटे संगणक सध्या मुबलक मिळतात, त्यांतला एखादा उचलावा. आमचे घर खाडीपासून फार लांब नाही, त्यामुळे दमटपणा असतो. पावसाळ्यात वीजही अधूनमधून जाते. या परिस्थितीत पैसे नेमके कशावर खर्च करावेत, आणि कशावर करू नयेत, हे जाणकारांनी सांगावे.

पारसिक

दोन टीव्हींमधला जो फरक तुम्ही टिपला आहे, त्यावरच सगळी निवड अवलंबून आहे, म्हणून आधी तेवढेच सांगतो.

सर्व्हर दोन प्रकारे काम करतो. फाइल ज्या स्वरूपात आहे ते स्वरूप समोरच्या टीव्हीला वाचता येत असेल, तर सर्व्हरने ती डिस्कवरून उचलून नेटवर्कवर सोडायची, एवढेच काम उरते, आणि ते दहा वर्षांपूर्वीचे कोणतेही यंत्र करू शकते. टीव्हीला ते स्वरूप वाचता येत नसेल, तर सर्व्हरला चालू चित्रफीत उलगडून दुसऱ्या स्वरूपात पुन्हा बांधावी लागते. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि घाम फुटतो तो इथे. अलीकडचे बरेच मोबाइल चित्रण एच. २६५ या स्वरूपात साठवतात. आयफोन तर २०१७पासून, म्हणजे आयओएस ११पासून, आपणहून तसेच साठवतो. हॉलमधील ४के टीव्हीला एच. २६५ कळते, म्हणून सर्व्हर तिथे निवांत असतो. आतल्या खोलीतील टीव्हीला ते कळत नाही, त्यामुळे सर्व्हरने ते एच. २६४मध्ये रूपांतरित करून द्यावे, अशी त्याची मागणी असते.

इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये या रूपांतरासाठी एक वेगळा भाग असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. हा भाग २०११च्या दुसऱ्या पिढीपासून आहे, पण प्रत्येक पिढीत त्याला येणारी स्वरूपे वेगळी आहेत. तुमच्या तिसऱ्या पिढीला एच. २६४ येते, एच. २६५ येत नाही. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या मुख्य भागावर येतो आणि पंखा घोंगावतो. सहाव्या पिढीला एच. २६५ येते, पण ८ बिटांचेच. मोबाइलवरील एचडीआर (उजेड-सावलीचा अधिक पल्ला टिपणारे) चित्रण १० बिटांचे असते, आणि ते उलगडणे व बांधणे ही दोन्ही कामे पूर्णपणे सातव्या पिढीपासून पुढे होतात.

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे योग्य आहे ते याच कारणासाठी. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलची साधारणतः आठवी पिढी लागते आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे महापे, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातील कार्यालयांना सहाव्या-सातव्या पिढीची बरीच यंत्रे काढून टाकावी लागली. विंडोजच्या दृष्टीने सातवी पिढी उंबरठ्याच्या अलीकडे राहिली, पण चित्रफितींच्या दृष्टीने ती पलीकडे पोचलेली आहे, आणि सर्व्हरवर आपण लिनक्स घालणार असल्यामुळे विंडोजचा उंबरठा आपल्याला लागू होतच नाही. कंपन्यांसाठी निरुपयोगी ठरलेली पण आपल्या कामाला पुरेशी अशी ही नेमकी एक पिढी सध्या बाजारात आहे. डेल ऑप्टिप्लेक्स ७०५०, लेनोवो थिंकसेंटर एम७१०क्यू, एचपी एलिटडेस्क ८०० जी३ ही नावे लक्षात ठेवा. ८ जीबी रॅम आणि लहानशी एसएसडी यांसह यांतले एखादे दहा हजारांच्या आत-बाहेर मिळायला हवे. २०२५च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा रॅमसकट मिळणारे जुने यंत्र हा आणखी एक फायदाच आहे.

उरलेल्या सल्ल्यांविषयी थोडक्यात. रास्पबेरी पाय ५ हे सुरेख खेळणे आहे, परंतु त्यात एच. २६४ बांधणारा हार्डवेअर भागच ठेवलेला नाही, आणि तुम्हाला नेमका तोच हवा आहे. शिवाय पेटी, वीजपुरवठा, डिस्कचा जोड असे एकेक जमवत गेलात की किंमत वरील यंत्रांच्या बरोबरीला येते. कमी किमतीच्या नॅस पेट्यांत बहुधा एआरएम (मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा) प्रोसेसर असतो. फाइली जपून ठेवण्यासाठी त्या चांगल्या, ट्रान्सकोडिंगसाठी नाहीत. ग्राफिक्स कार्डाचा सल्ला चुकीचा नाही, पण तो डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवायचा असेल तर विजेचे बिल पाहून मगच ठरवा.

खाडीपूल

पारसिक यांच्या मांडणीशी बहुतांशी सहमत आहे, तरी जुन्या यंत्राची एवढी भलामण मला पटत नाही. इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर २०२३च्या जानेवारीत आला. त्यात चार लहान गाभे असून त्याची अधिकृत उष्णतामर्यादा केवळ ६ वॉट आहे. त्याच्या ग्राफिक्स भागाला एच. २६५ तर येतेच, शिवाय एव्ही१ हे त्याहून नवे स्वरूप उलगडताही येते, जे सातव्या किंवा आठव्या पिढीला येत नाही. नवा छोटा संगणक, त्यावर वर्षभराची हमी, आणि हाताच्या पंज्यात मावेल एवढा आकार हे सर्व दोन-चार हजार अधिक देऊन मिळत असेल, तर आठ-नऊ वर्षे कोणत्या तरी ऑफिसात राबलेले यंत्र घरी का आणावे? त्याच्या आत धूळ किती, पंखा किती झिजलेला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे का, यांतले काहीच दुकानाच्या काउंटरवर कळत नाही.

ज्यांच्या घरी जागा कमी आणि झोपण्याची खोली जवळ, त्यांना आवाजाचाही विचार करावा लागतो. एन१०० मोकळा असताना त्याचा पंखा जवळपास ऐकू येत नाही. एक सावधगिरी मात्र सांगतो: अशा यंत्रांत बसवलेली एसएसडी बहुधा अनोळखी नावाची असते. तिच्यावर फक्त प्रणाली ठेवावी, घरची एकुलती एक प्रत कधीही ठेवू नये.

पारसिक

तुमचे मुद्दे रास्त आहेत, आणि अंदाजपत्रक ३५ हजार असते तर मीही एन१००च सुचवला असता. पण २५ हजारांत डिस्क बसवायच्या आहेत, त्याही एक नव्हे तर दोन, कारण दुसरी प्रत नसलेल्या संग्रहाला मी संग्रह मानत नाही. यंत्रावर वाचलेले चार हजार रुपये डिस्कच्या आकारात उपयोगी पडतात. एव्ही१विषयी म्हणाल, तर लग्नाच्या व्हीसीडीत किंवा मुंजीच्या डीव्हीडीत ते नसते, आणि बहुतेक मोबाइलही चित्रण एव्ही१मध्ये साठवत नाहीत; त्यामुळे प्रश्नकर्त्यांना त्याचा आज उपयोग नाही.

दुसरे असे की, बहुतेक छोट्या एन१०० यंत्रांत साडेतीन इंची डिस्क बसत नाही. ती यूएसबीने बाहेर लटकवावी लागते. यावर डिस्कविषयी अधिक जाणणाऱ्यांनी लिहावे.

येऊर

डिस्कविषयी लिहितो, कारण या सगळ्या खरेदीत सर्वाधिक पैसे आणि सर्वाधिक फसवणूक दोन्ही तिथेच आहेत.

आधी किती जागा लागेल ते पाहू. नेहमीच्या एकेरी थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते, म्हणजे अशा शंभर डीव्हीडी जशाच्या तशा उतरवल्या तरी ४७० जीबीच्या वर जात नाहीत. व्हीसीडी आणि भजने हिशेबातही धरू नका. खरा भार मोबाइलचा. ॲपलच्याच आकड्यांनुसार एच. २६५मधील ४के चित्रण सेकंदाला ३० चौकटी या वेगाने केले, तर मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, म्हणजे तासाला १० जीबी. त्यामुळे ४ टीबीच्या डिस्कवर तुमचे सर्व जुने मावून असे तीनशेहून अधिक तास उरतात. घरगुती संग्रहाला एवढे बरीच वर्षे पुरावे. ८ टीबीच्या मोहात पडू नका. ४ टीबीच्या दोन घ्या.

या दोन्ही एकमेकांच्या प्रतिबिंबासारख्या रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची रचना) जोडू नका. रेडमध्ये एका डिस्कवरची फाइल चुकून पुसली, की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते. डिस्क मेली तरी काम थांबू नये यासाठी ती रचना आहे, प्रत जपण्यासाठी नाही. एक डिस्क सर्व्हरच्या आत कायम चालू राहील. दुसरी महिन्यातून एकदा जोडावी, बदललेल्या फाइली तिच्यावर उतरवाव्यात आणि काढून ठेवावी. तुमच्या बाबतीत ती ठाण्याला बहिणीच्या कपाटात ठेवता आली तर उत्तमच. कोपरखैरण्याच्या घरात पाणी शिरले, शॉर्टसर्किट झाले किंवा चोरी झाली, तरी मानपाड्याची प्रत सुरक्षित राहील.

आता डिस्कची जात. लेखनाच्या पद्धतीवरून डिस्कचे सीएमआर आणि एसएमआर असे दोन प्रकार पडतात. एसएमआरमध्ये लेखनाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे मधली एखादी जागा बदलायची झाली की शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा उतरवून वर्षानुवर्षे वाचायच्या चित्रफितींना याचा त्रास होत नाही, म्हणून प्रतीसाठी घेतलेली बाहेरची डिस्क एसएमआर असली तरी चालेल. आतली मात्र सीएमआर घ्यावी. पुढेमागे रेड किंवा झेडएफएस (डिस्क एकत्र जोडणारी फाइल प्रणाली) वापरावेसे वाटले, तर एसएमआर डिस्कवर पुनर्बांधणी अतोनात रेंगाळते. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) या कंपनीच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेत काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० साली उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला होता. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळे नाव चालवले. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे. आपल्याकडे सीसीटीव्हीच्या दुकानांत मिळणाऱ्या डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक या डिस्कही सीएमआर असतात. त्या नोंदणी यंत्रांसाठी बनवलेल्या असल्या तरी चित्रफिती साठवण्याच्या कामात कुठेही कमी पडत नाहीत, आणि ठाणे-वाशीत सहज मिळतात.

फसवणुकीविषयी. वापरलेली डिस्क नवे वेष्टन चढवून, आतला तासांचा मोजक शून्यावर आणून ‘नवी’ म्हणून विकली जाते. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत असे प्रकरण मोठ्या प्रमाणावर उजेडात आले: वापरलेल्या सीगेट डिस्क विक्रेत्यांच्या साखळीतून नव्या म्हणून ग्राहकांपर्यंत पोचल्या होत्या. डिस्क स्वतः ठेवते त्या स्मार्ट नोंदीतले तास पुसलेले असले तरी सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, आणि स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासण्याच्या साधनाच्या अलीकडच्या आवृत्तीत ती वाचता येते. दोन नोंदींतले तास जुळले नाहीत, तर डिस्क परत करावी. त्याआधीची सोपी कसोटी म्हणजे दुकानातून पैसे देण्यापूर्वीच डिस्कवरचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमी किती शिल्लक आहे ते पाहणे. ‘हमी आम्ही देतो, कंपनीचं कशाला बघता’ असे उत्तर मिळाले, तर तिथे थांबू नये.

कोपरखैरणेकर

सर्वांचे आभार. पारसिक यांनी सांगितल्यानंतर जेलीफिनच्या नियंत्रणफलकावर पाहिले, तर हॉलमधील टीव्हीसमोर खरोखरच ‘थेट’ असे दिसते आणि आतल्या टीव्हीसमोर रूपांतर चालू असल्याचे. मात्र एक कोडे उरले. मुंजीची डीव्हीडी तशी लहान आणि जुनी, तरीही ती हॉलमधल्या चांगल्या टीव्हीवर लावली तर थेट चालत नाही, रूपांतरच होते. शिवाय यंत्राच्या आकाराविषयी संभ्रम आहे: तळहाताएवढे मायक्रो घ्यावे, की आडवे ठेवण्याचे जरा मोठे, ज्याला एसएफएफ म्हणतात ते?

नौपाडा

डीव्हीडीचे कोडे आधी सोडवतो. आपल्याकडच्या डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ स्वरूपात, ५७६ ओळींचे आणि बहुधा इंटरलेस्ड असते, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी येतात. जुन्या काचेच्या टीव्हीसाठी ते योग्यच होते. आजच्या टीव्हीवर ते जसेच्या तसे दाखवले तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ॲपला एमपेग-२ वाचता येत नसेल तर सर्व्हर रूपांतर करतो आणि त्याबरोबर या ओळीही एकत्र सांधतो. अशा डीव्हीडी एकदाच हँडब्रेकसारख्या साधनातून ओळी सांधून एच. २६४मध्ये करून ठेवाव्यात. मूळ प्रत दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी राहू द्यावी. मग मुंज कोणत्याही टीव्हीवर थेट चालेल.

आकाराविषयी माझे मत स्पष्ट आहे: एसएफएफ घ्या. मायक्रोमध्ये एक अडीच इंची डिस्क आणि एक एम.२ एसएसडी एवढेच मावते, आणि मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्क जवळपास सर्व एसएमआर असतात. साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या पेटीतून जोडायची म्हटले, तर तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर, पेटीतल्या चिपचे रुसवेफुगवे आणि टेबलामागे वायरींचे जंजाळ हे सगळे आलेच. पेटी रात्री मध्येच खंडित झाली, की सकाळी जेलीफिनमध्ये संग्रह रिकामा दिसतो आणि घरातले लोक आपल्याकडे संशयाने पाहतात. एसएफएफमध्ये डिस्क सरळ साटा जोडणीवर आत बसते. वीज थोडी अधिक लागते आणि कपाटात जागाही लागते, पण डोक्याचा ताप वाचतो.

दुकानात काय पाहावे ते सविस्तर सांगतो, कारण नौपाड्यातल्या आणि स्टेशनजवळच्या दुकानांतून मी अशी यंत्रे इतरांसाठीही निवडून दिली आहेत. पेटीवरचा मॉडेल क्रमांक पुरेसा समजू नका. ऑप्टिप्लेक्स ७०५० हे मॉडेल सहाव्या आणि सातव्या अशा दोन्ही पिढ्यांच्या प्रोसेसरसह विकले गेले आहे. दुकानदार ‘आय-५ आहे’ एवढेच सांगतो आणि ते खोटेही नसते. यंत्र चालू करून प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचा. आय-५ नंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा ७ असला पाहिजे: ७५०० चालेल, ६५०० नको. ग्राफिक्सच्या नावावरूनही ओळखता येते. सातव्या पिढीत एचडी ६३० दिसते, सहाव्या पिढीत एचडी ५३०. वरून ही दोन यंत्रे शेजारी ठेवली तर वेगळी ओळखणे कठीण आहे, म्हणून पडद्यावर वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत. पुढच्या पिढ्यांतले असेंबल केलेले एखादे यंत्र समोर आले, तर नावाच्या शेवटी एफ हे अक्षर नाही ना तेही पाहा. तशा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स भागच नसतो.

त्यानंतर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून दाखवायला सांगा. कंपनीने घातलेला पासवर्ड काढलेला नसेल, तर घरी गेल्यावर काहीही बदलता येणार नाही. आत गेलातच, तर वीज परत आल्यावर यंत्र आपोआप चालू व्हावे, ही सोय तिथेच चालू करून घ्या. डेलमध्ये ती एसी रिकव्हरी या नावाखाली सापडते. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा याचा उपयोग रोजचा आहे. मायक्रोच घ्यायचे ठरले, तर अडॅप्टर मूळचाच मागा. डेलचे यंत्र अडॅप्टरच्या मधल्या पिनेतून त्याची ओळख विचारते. ओळख पटली नाही तर सुरू होताना इशारा देते आणि प्रोसेसरचा वेग कमी करून चालते. बाहेरून सगळे ठीक दिसते, यंत्र मात्र संथ.

पारसिक

नौपाडा यांच्या एसएफएफच्या आग्रहाला माझी ना नाही. विजेचा हिशेब तेवढा जोडतो. १० वॉट अखंड चालले तर महिन्याला सुमारे ७ युनिट होतात. एका डिस्कसह असे एसएफएफ यंत्र मोकळे असताना साधारण २० वॉटच्या आसपास राहते, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट. तुमचा २०१३चा डेस्कटॉप मोकळा असतानाही ५० वॉट सहज घेत असेल, म्हणजे ३६ युनिट. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात, आणि सर्व्हरची भर ही महिन्याच्या नेहमीच्या वापरावर पडत असल्यामुळे ती तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजावी लागते. उन्हाळ्यात एसी चालू असलेल्या घरात हा फरक अधिक जाणवतो.

बहिणीच्या घरचा प्रश्न हार्डवेअरइतकाच नेटवर्कचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती फायबर जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडण्याची खटपट करूनही बाहेरून कोणी आत पोचत नाही. ते बरेच आहे म्हणा, कारण घरचा सर्व्हर उघड्यावर ठेवणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी टेलस्केल (दोन घरांतली यंत्रे खासगी जाळ्यात जोडणारे सॉफ्टवेअर) दोन्ही घरी बसवा. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर आधारलेले असून घरगुती वापराला विनामूल्य आहे. जेलीफिनमध्ये बाहेरच्या पाहणाऱ्यांसाठी वेगाची मर्यादा घालता येते; ती ६ ते ८ मेगाबिट ठेवलीत तर मानपाड्याच्या टीव्हीवर फुल एचडी चित्र नीट दिसेल. मात्र ४के चित्रण त्या मर्यादेत बसवण्यासाठी प्रत्येक वेळी रूपांतर करावे लागेल. खरे तर आतल्या खोलीतील टीव्हीला नवी स्ट्रीमिंग स्टिक लावली तर तिथला प्रश्न मिटतो. सातव्या पिढीची गरज उरते ती बहिणीसाठी.

जेलीफिनऐवजी प्लेक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करत असाल, तर त्यात हार्डवेअरने रूपांतर करण्यासाठी प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो, आणि २०२५च्या एप्रिलअखेरपासून घराबाहेरून आपलेच चित्रण पाहण्यासाठीही पैसे मोजावे लागतात. जेलीफिनमध्ये या दोन्ही गोष्टी मोफत आहेत.

सर्व्हर राउटरशेजारी ठेवून केबलनेच जोडा. सर्व्हरही वाय-फायवर आणि टीव्हीही वाय-फायवर असेल, तर प्रत्येक चित्रफीत त्याच हवेतून दोनदा जाते. टीव्हीला मात्र केबल लावण्याची घाई करू नये: कित्येक ४के टीव्हींचा केबल पोर्ट १०० मेगाबिटांचाच असतो, आणि जवळच्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर त्याहून अधिक वेग मिळू शकतो.

कोपरखैरणेकर

काल वाशीत एका दुकानात गेलो होतो. ‘सातव्या पिढीचा’ म्हणून दाखवलेल्या ७०५०मध्ये नौपाडा यांनी सांगितल्याप्रमाणे ६५०० निघाला. दुकानदाराने वाद न घालता मागून दुसरे एसएफएफ आणले. त्यात ७५००, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी आहे, बायोसही मोकळा आहे. ते साडेनऊ हजारांत ठरवले. उरलेल्या रकमेत आतली ४ टीबीची सीएमआर डिस्क आता घेतो आणि प्रतीची दुसरी पुढच्या महिन्यात, असा विचार आहे. विजेसाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरेल का? आणि दमटपणाचे काय करावे?

नौपाडा

यंत्र आणि राउटर यांना ६०० व्हीए पुरतो. स्वस्त यूपीएसला यूएसबी जोडणी नसते, त्यामुळे बॅटरी संपत आल्याचे यंत्राला कळत नाही. वीज तासन्‌तास जात असेल तर थोडे अधिक देऊन यूएसबी असलेला घ्या, म्हणजे यंत्र स्वतःहून नीट बंद होईल. दमटपणाची सर्व्हरला फारशी भीती नाही, कारण दिवसरात्र चालू असलेले यंत्र आतून कोमट राहते आणि त्यात ओलावा धरत नाही. कपाटात बंद करून मात्र ठेवू नका, आणि मागच्या बाजूच्या मोकळ्या खाचा पट्टीने बंद करा, नाहीतर एखादी पाल आत जाऊन बसेल. ओलाव्यापासून जपायची आहे ती बंद ठेवलेली दुसरी डिस्क. ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

येऊर

खरेदीचा क्रम मात्र उलटा करावा, असे सुचवतो. वीस वर्षांपूर्वी घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या व्हीसीडी-डीव्हीडी दमट हवेत हळूहळू वाचेनाशा होतात, आणि काहींवर बुरशीही चढते. म्हणून सर्व्हर उभा राहण्याची वाट न पाहता जुन्या डेस्कटॉपवरच त्या आजपासून उतरवायला घ्या, लग्नाच्या सर्वांत आधी. जी डिस्क अडखळते तिला डीडीरेस्क्यूने वाचा. ते न वाचलेली जागा सोडून पुढे जाते, नोंद ठेवते आणि नंतर तेवढ्याच जागी पुन्हा प्रयत्न करते. एका ड्राइव्हमध्ये न वाचलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा वाचली जाते, त्यामुळे कोणाकडे जुना डीव्हीडी रायटर असेल तर तो मागून आणा. आतली डिस्क आणि प्रतीची डिस्क एकदम घेणे जमत नसेल, तर यूपीएस महिनाभर पुढे ढकला, दुसरी डिस्क ढकलू नका.

कोपरखैरणेकर

पटले. यूपीएस पुढच्या महिन्यात घेतो. बहिणीकडे जुना रायटर आहे; रविवारी जाऊन आणतो, आणि टेलस्केलही त्याच फेरीत तिच्या टीव्हीवर बसवतो.